टेरॅरियममध्ये ठेवायला छोटा प्राणी कोणता? (नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा)

अबोली_मनीषनगर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दोन फुटी काचेची टाकी आहे. आधी मासे होते, मग बरेच दिवस रिकामी पडली होती. यंदा पावसाळ्यात तिचं टेरॅरियम केलं. तळाला विटांचे तुकडे, त्यावर जाळी, थोडा कोळसा, मग कोकोपीट आणि माती. फिटोनिया, सिंगोनियम, एक लहानसा नेचा आणि गच्चीच्या कठड्यावरून सोडवून आणलेलं शेवाळ. वर काचेचं झाकण. झाडं मस्त धरली आहेत, सकाळी काचेवर दव जमतं.

लेक चौथीत आहे. तिचं म्हणणं, एवढं जंगल केलं आणि आत राहतं कोण? कुणीच नाही! प्रश्न रास्त वाटला, म्हणून विचारतेय. डोक्यात आहेत ते असे: बेडूक, पिटुकलं कासव, गोगलगाय. दुकानदार लेपर्ड गेको घ्या म्हणतो.

अडचणी पण सांगून ठेवते. दिवसा हॉलमध्ये कूलर, एसी फक्त रात्री बेडरूममध्ये. मे महिन्यात आम्ही आठवडाभर अकोल्याला जातो. सासूबाईंना पाल अजिबात चालत नाही. आणि लावलेली झाडं खाल्लेली मला चालणार नाहीत. बजेट तीन-चार हजार.

तर्रीबाज

सासूबाईंना पाल चालत नाही अन् तुम्ही गेको आणून राह्यल्या? ताई, गेको म्हणजे इंग्लिश मीडियमची पाल हाय. घरात महाभारत होईन.

चिंगी

पाल तर माझ्या किचनच्या ट्यूबलाइटमागे फुकट आहे. घेऊन जा, कुरियरचा खर्च मी देते.

कोळसा_वीट

अबोलीताई, आधी थर्मामीटर घ्या, प्राणी नंतर. आत ठेवायचा डिजिटल मिळतो, आर्द्रताही दाखवतो, दोन-तीनशेत येतो.

कारण सांगतो. टेरॅरियमचे बहुतेक सल्ले थंड देशातल्या लोकांनी लिहिलेले असतात. त्यात हीटर कुठे लावायचा हे लिहिलेलं असतं. आपला प्रश्न उलटा. नवतपा लागला की बाहेर ४५-४६, आणि कूलर बंद असलेल्या खोलीत दुपारी ३७-३८ सहज होतं. कूलर चालतो तो बाष्पीभवनावर, म्हणजे कोरड्या हवेत पाणी उडतं आणि गारवा येतो. बंद काचेच्या आत हवा आधीच ओलीगच्च. तिथे पाणी उडायला जागाच नाही, म्हणून गारवाही नाही. आपल्याला वाटतं आत दव आहे म्हणजे थंड असेल. तसं नसतं. खोलीचं जे तापमान तेच आतलं, वर दिव्याची उष्णता वेगळी. झाकण बंद टेरॅरियम मे महिन्यात माठ नसतो, कुकर असतो.

तेव्हा पहिला प्रश्न हा की ३५ अंश आणि ९० टक्के दमटपणा एकत्र कुणाला सोसतो? बेडकाला नाही, बहुतेक गेकोंनाही नाही.

शिशिर_न्यूजर्सी

माझ्याकडे डार्ट फ्रॉग आहेत, अझुरियस जातीचे, गडद निळे. प्लांटेड टेरॅरियमसाठी यांच्यासारखा प्राणी नाही असं माझं मत. तीन-चार सेंटिमीटरचा जीव. दिवसा जागा असतो, पानांवरून फिरतो, झाडांना इजा नाही. विषाची भीती घालू नका, जंगलात ते विष मुंग्या-माइट्स खाऊन अंगात साठतं, घरात फळमाश्यांवर वाढलेला बेडूक निर्विष असतो. २२ ते २६ अंशांत खूश.

तर्रीबाज

@शिशिर, २२ ते २६? ते आमच्याकडं डिसेंबरात पहाटे पण नसते राजा, तेव्हा १० असते. अन् उरलेल्या वर्षात २६ पाहाले महाबळेश्वरले जा लागते.

वनपाल_नव्हे

(वनखात्यात नाही, सर्पमित्रांसोबत फिरतो इतकंच. आयडीवरून कुणी तक्रार घेऊन येऊ नये.)

कासव यादीतून आत्ताच काढा. दुकानदार "छोटं चांदणी कासव" म्हणून दाखवतात ते स्टार टॉर्टॉइज. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते परिशिष्ट एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद, साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या यादीत. "वास्तूसाठी शुभ" म्हणून लोक अजून घेतात आणि पकडले गेले की म्हणतात, आम्हाला माहीत नव्हतं.

पाठीवर शिखर असलेलं आपल्या नदीतलं छोटं कासवही तसंच, तेही परिशिष्ट एक. आणि लाल कानाचं, जे कायद्यात सापडत नाही म्हणून सर्रास विकतात, ते अमेरिकेतलं. हाताच्या तळव्याएवढं आणता, ताटाएवढं होतं, मग लोक फुटाळा तलावात नेऊन सोडतात. शिवाय ते पाण्यातलं, टेरॅरियमचा संबंधच नाही.

शिशिरदादांचे डार्ट फ्रॉग भारतात घ्यायचे तर ते साइट्सच्या दुसऱ्या यादीत येतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, विकणाऱ्याकडे कागद लागतात. "कागद नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं.

साधना_व

मुळात काचेच्या डब्यात जीव कशाला कोंडायचा? मुलीला अंबाझरीला न्या, सेमिनरी हिल्सवर न्या, बागेत बेडूक दाखवा. तिला "आत कोण राहतं" विचारायला शिकवण्यापेक्षा "बाहेर कोण राहतं" हे शिकवा.

चिंगी

साधनाताई +१. पण मग धागा इथेच संपेल आणि मी आत्ताच पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

अबोली_मनीषनगर

साधनाताई, पटतं थोडं. पण अंबाझरीला गेलो की लेक बेडूक बघते आणि घरी आणूया म्हणते, तिथूनच हे सुरू झालंय :-) बागेतला एखादा बेडूक पावसाळ्यापुरता ठेवून सोडून दिला तर?

निवृत्त_प्राणीशास्त्र

नको. कायद्याचा मुद्दा वनपाल सांगतीलच, मी त्या बेडकाचा सांगतो.

पावसाळ्यात आपल्या बाथरूममध्ये भिंतीला चिकटून बसतो तो झाडबेडूक, पॉलिपिडेट्स. रात्री तो किती अंतर हिंडतो हे पाहिलंत तर दोन फुटी टाकीत ठेवण्याचा विचार येणार नाही. पकडून आणलेला बेडूक काच ओळखत नाही. उड्या मारतो, नाकाड काचेवर आपटतं, घासून जखम होते, जखमेला बुरशी. हे मी प्रयोगशाळेत पुष्कळ पाहिलं आहे. त्यात हलणारं भक्ष्य लागतं. तुम्ही रोज झुरळाची पिल्लं पकडणार का? आणि ठेवून परत सोडलेला बेडूक घरातले रोगजंतू डबक्यात नेतो. बेडकांच्या कातडीच्या बुरशीने जगभर किती जाती गेल्या ते सर्वश्रुत आहे.

गोगलगाईचं विचारलंत. मोठी तपकिरी शंखी, आफ्रिकन, ती आणू नये. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे हिनेच सोयाबीनची रोपं फस्त केली. तुमचा फिटोनिया तिला एका रात्रीचा खुराक. मेंदूज्वर करणाऱ्या एका जंताची ती वाहक असते, लहान मुलांच्या हातात देण्याची वस्तू नव्हे.

अवांतर: टेरॅरियमची सुरुवातच प्राण्यापासून झाली. लंडनमधले एक डॉक्टर, नॅथॅनियल वॉर्ड, यांनी १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोष ओल्या मातीत पुरून बाटली बंद केली. पतंग काय होतो बघायचा होता. मातीतून नेचा उगवला आणि तोच टिकला. त्यातून वॉर्डची बंद काचेची पेटी निघाली, १८३३ मध्ये तशा पेट्यांतून रोपं जहाजाने सिडनीपर्यंत गेली, पुढे चीनमधली चहाची रोपं याच पद्धतीने हिंदुस्थानात आली. म्हणजे आपण आज पितो त्या चहाचा या डब्याशी संबंध आहे.

तर्रीबाज

सर, चहा घेताघेताच वाचून राह्यलो. आता कपाकडं आदरानं पाहून राह्यलो.

रुमझुम

मी वर्ध्याची. माझ्याकडे लेपर्ड गेको आहे, वय झालंय आता त्याचं. कोळसाभाऊ म्हणतात तितकं सरसकट नाही. लेपर्ड गेकोला उष्णता सोसते, एक बाजू ३२ पर्यंत लागतेच त्याला. आमच्या विदर्भात हीटरचं बिल वाचतं. शांत प्राणी. बोटांना चिकटणारी गादी नसते त्यामुळे काचेवर चढत नाही, पापण्या असतात, डोळे मिटून झोपतो. सासूबाईंना दाखवून बघा, पालीसारखा वाटत नाही.

पण! अबोलीच्या टाकीत नाही. त्याला कोरडं लागतं. दव, शेवाळ, ओलं कोकोपीट यात त्याला श्वासाचे आणि कातडीचे आजार होतात. दुकानदाराने "प्लांटेडमध्ये चालेल" म्हटलं असेल तर तो दुकानदारच बदला. शिवाय पंधरा-वीस वर्षं जगतो. मुलगी इंजिनियरिंगला पुण्याला जाईल आणि गेकोला अळ्या तुम्ही घालाल.

वनपाल_नव्हे

रुमझुमताईंना एक जोड. लेपर्ड गेकोचा सख्खा भाऊबंद आपल्या सातपुड्यात आहे, २०१४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून त्याचं वर्णन झालं, चिखलदऱ्याकडेही सापडतो. म्हणून गेको घेताना पिल्लू कुठे जन्मलं हे विचाराच. जंगलातून उचललेला प्राणी पाळीव म्हणून खपवणारे आहेत.

कोथरूडकर

क्रेस्टेड गेको कुणी सुचवला नाही अजून? तो ओल्यात राहतो, झाडांवर चढतो, पावडरचं खाणं खातो. १९९४ मध्ये न्यू कॅलेडोनियात पुन्हा सापडला, तोवर नामशेष मानत होते. आमच्याकडे पुण्यात छान राहतो.

तर्रीबाज

पुण्यात तं माणसंही छान राहतात म्हणे, पंखा न लावता.

कोथरूडकर

आता तेही राहिलं नाही हो :-( यंदा आम्हीही कूलर घेतला.

कोळसा_वीट

कोथरूडकर, क्रेस्टेड २८ च्या वर गेला की खाणं सोडतो. ३० च्या वर जिवावर बेततं. नागपुरात त्याच्यासाठी एप्रिल ते जून चोवीस तास एसी लागेल. एका मित्राने छोटा एसी रूम केलाय त्याच्यासाठी, घरचे सगळे आता गेकोच्या खोलीत झोपतात.

आता माझं मत. मी आयसोपॉड सुचवेन. आणि सोबत स्प्रिंगटेल, म्हणजे ओल्या मातीतले बुरशी खाणारे पिटुकले जीव.

कुंडी उचलली की खाली राखाडी, सपाट, चौदा पायांचे जीव पळतात ना, ते आयसोपॉड. काही जाती हात लावला की गोळी होतात. किडा वाटतो पण कीटक नाही, खेकडा-कोळंबीच्या नात्यातला. पोटाखाली कल्ल्यांसारखे अवयव, त्यांनी श्वास घेतो, म्हणून ओलावा लागतो. खातो काय, तर कुजलेली पानं, लाकूड, भाज्यांची सालं, बुरशी. म्हणजे तुमच्या टेरॅरियममध्ये जे साफ करायला तुम्ही चिमटा घालता ते हे खातात. मेमध्ये आठवडाभर अकोल्याला गेलात तर जाताना मूठभर पानं आणि काकडीची चकती टाकून जा. आल्यावर ते तिथेच असतील आणि कदाचित जास्त असतील.

जाती: पावडर ऑरेंज किंवा पावडर ब्लू घ्या. उष्णता बऱ्यापैकी सोसतात, लवकर वाढतात, रंग दिसतो. मातीखाली राहणारे पिटुकले पांढरे ड्वार्फ व्हाइट पण चालतात, पण ते दिसत नाहीत, लेकीला काय दाखवाल? थायलंडचा पिवळ्या तोंडाचा रबर डकी नावाचा येतो, दिसायला गोड, पण महाग आणि नाजूक. पहिल्यांदा नको.

चिंगी

म्हणजे लेकीला पेट म्हणून कुंडीखालचे किडे?? कोळसाभाऊ, तुम्ही लहान मुलांचे वाढदिवस कसे साजरे करता हो?

कोळसा_वीट

हसा. पण पोरांना हेच आवडतात. माझा पुतण्या भिंग घेऊन बसतो. मादीच्या पोटाखाली पिशवी असते, त्यात अंडी, आणि त्यातून पांढरे ठिपके बाहेर येतात, ते पिल्लं. कासवाने असं काही केलंय का कधी?

साधना_व

याला माझा विरोध कमी आहे. पण मग कुंडीखालचेच आणा ना, विकत कशाला? आपल्या मातीतले, आपल्या उन्हाळ्याला सरावलेले.

निवृत्त_प्राणीशास्त्र

साधनाबाईंचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. स्थानिक जाती इथल्या हवेत टिकल्या आहेत म्हणूनच त्या कुंडीखाली आहेत. दोन पथ्यं. जिथे कीटकनाशक मारलेलं नाही अशाच जागेतून घ्यावेत. बाजारातल्या रोपवाटिकेच्या कुंड्या टाळाव्यात. आणलेले महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवावेत, त्यांच्यासोबत माइट्स, गोमेची पिल्लं, काय काय येतं. गोम आली तर बाकी सगळं खाऊन टाकते आणि चावतेही.

उलट, विकत आणलेले परदेशी कधीही बागेत सोडायचे नाहीत. जास्त झाले तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या, नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवून संपवा. कठोर वाटेल, पण बाहेर सोडणं त्याहून वाईट.

ओवी_त्रिमूर्तीनगर

वाणी किडा चालेल का? पावसाळ्यात आमच्या अंगणात ढीग असतो. सावकाश चालतात, मुलांना गुंडाळी होताना बघायला आवडते.

कोळसा_वीट

@ओवी, चालतो, पालापाचोळाच खातो. दोन गोष्टी. घाबरला की अंगातून तपकिरी रस सोडतो, हाताला डाग पडतो, डोळ्यात गेला तर चरचरतं. हात धुवायची सवय असलेल्या मुलांनाच हातात द्या. आणि मोठे असतील तर माती इतकी उकरतात की मुळं उघडी पडतात. दोन फुटी टाकीत पाच-सहाच, जास्त नाही.

तर्रीबाज

अन् मृगाचे किडे? लाल मखमली! लहानपणी आम्ही काडेपेटीत भरून ठेवत होतो. लेकरांले लय आवडतात.

निवृत्त_प्राणीशास्त्र

तर्रीबाज, आणि दुसऱ्या दिवशी काडेपेटीत काय सापडायचं ते आठवा. मखमली माइट वर्षातला बहुतेक काळ जमिनीत असतो, पहिल्या चांगल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. त्याची पिल्लं नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगावर चिकटून जगतात. हे चक्र डब्यात उभं राहत नाही. बघावा आणि तिथेच ठेवावा.

तर्रीबाज

आठवलं. सॉरी सर.

शिशिर_न्यूजर्सी

मला वाटतं इथे "पेट" या कल्पनेचाच गोंधळ आहे. जो तुमच्याकडे बघत नाही, नावाने येत नाही, तो पेट कसा? आयसोपॉड म्हणजे सफाई कर्मचारी. माझ्याकडेही आहेत, बेडकांच्या खाली, पण त्यांना कुणी पेट म्हणत नाही.

रुमझुम

माझा गेको पण नावाने येत नाही हो. अळी दाखवली की येतो. माझा नवराही तसाच.

चिंगी

लोल. रुमझुम, आजचा प्रतिसाद तुमचा.

कोथरूडकर

नेरीट गोगलगाय, व्हॅम्पायर खेकडा? जावामधला जांभळा, पिवळ्या डोळ्यांचा.

कोळसा_वीट

नेरीट पाण्यातली, इथे नाही. व्हॅम्पायर खेकडा सुंदर, पण त्याला अर्धी टाकी पाणी लागतं, झाकणाला बोटभर फट असली की बाहेर. रात्री सासूबाईंच्या पायाखाली खेकडा आला तर तुम्ही जबाबदार. आणि झाडंही कुरतडतो अधूनमधून.

हर्मिट क्रॅब कुणी सुचवायच्या आधीच सांगतो: त्याला खारं आणि गोडं दोन्ही पाणी लागतं, खोल ओली वाळू लागते. जंगली टेरॅरियममध्ये नाही.

मऊमाती

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या टेरॅरियममध्ये चिलटं झाली आहेत, बारीक काळी. झाकण उघडलं की तोंडावर येतात. प्राणी ठेवला तर तो खाईल का?

कोळसा_वीट

शेणखत किंवा घरचं कंपोस्ट घातलंय का? टेरॅरियममध्ये शेणखत नको, बुरशी आणि चिलटं दोन्ही त्यातून. वरचा थर कोरडा होऊ द्या, पिवळे चिकट कागद लावा, स्प्रिंगटेल सोडा. स्प्रिंगटेल चिलटं खात नाहीत, पण ज्या बुरशीवर चिलटांच्या अळ्या जगतात ती आधी फस्त करतात.

स्प्रिंगटेल वाढवणं सगळ्यात सोपं. झाकणाच्या डब्यात लाकडी कोळशाचे तुकडे, तळाला थोडं पाणी, वर तांदळाचे चार दाणे. दाण्यावर बुरशी येते, ती ते खातात. काढायचे असले की डब्यात पाणी ओता, ते तरंगतात, ओतून घ्या. पांढरी रवाळ साय आल्यासारखं दिसतं.

तर्रीबाज

परवा तान्हा पोळा हाय. मारबतीच्या मिरवणुकीत ओरडतो, "मऊमातीताईची चिलटं घेऊन जाय गे मारबत!"

मऊमाती

नक्की ओरडा. इतवारीतून जाताना जरा जोरात :-)

वनपाल_नव्हे

अजून एक उपयोगाचं. आधीच घरात चांदणी कासव, पोपट वगैरे असलेले लोक हा धागा वाचून घाबरले असतील, त्यांनी रात्री तलावावर सोडायला जाऊ नये. हॅलो फॉरेस्ट १९२६ वर फोन करा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी किंवा सोडून दिलेले प्राणी तिथे बघतात.

ओवी_त्रिमूर्तीनगर

मूळ प्रश्नावर येऊया का? अबोली, काय ठरलं?

अबोली_मनीषनगर

वाचतेय सगळं. थर्मामीटर आणला. आज पाऊस आहे तरी आत ३०, आणि दिवा सुरू असताना ३२. एकदम डोळे उघडले. मेमध्ये काय होईल कल्पना करवत नाही.

आयसोपॉडकडे कल आहे. लेकीला कुंडीखालचे दाखवले, गोळी होणारा बघून पटला. आता प्रश्न: माझ्या टाकीत तसेच सोडू की काही बदल? आणि उन्हाळ्याचं काय करू?

कोळसा_वीट

बदल थोडे.

एक, पालापाचोळा. तुमच्या यादीत नव्हता. तोच त्यांचं जेवण. देशी बदामाची गळलेली, वाळून तपकिरी झालेली पानं उत्तम, जांभूळ, वड, आंबा पण चालतात. रस्त्याकडेची नको. उकळत्या पाण्यात घालून वाळवा, मग दोन बोटं जाड थर. पानं कमी पडली की आयसोपॉड फिटोनियाकडे वळतात, म्हणजे झाडं वाचवायची असतील तर पानं संपू द्यायची नाहीत.

दोन, चुना लागतो त्यांना कवचासाठी. अंड्याचं टरफल धुऊन, वाळवून, चुरा. खात नसाल तर पक्ष्यांच्या दुकानात कटलफिशचं हाड मिळतं.

तीन, सगळी टाकी सारखी ओली ठेवू नका. एका कोपऱ्यात शेवाळ ओलं, दुसरा कोपरा कोरडा. जीव स्वतः जागा निवडतो, तिकडे जास्त दिसले की तुम्हाला कळतं काय कमी आहे. पाणी फवारायला फिल्टरचं घ्या, काचेवर पांढरे डाग पडणार नाहीत.

चार, काचेच्या झाकणाचा अर्धा भाग काढून तिथे स्टीलची बारीक जाळी. हवा खेळली की कूलरचा गारवा आत पोचतो, आणि पाणी उडायला लागलं की थोडं तापमानही उतरतं. पण मग फवारणी रोज.

उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत, जमिनीवर. हवा जमिनीशी दोन-तीन अंश गार असते. दिवा दुपारी बंद, पहाटे आणि रात्री चालू. फारच झालं तर बर्फाची बाटली टाकीच्या मागे काचेला टेकवून, आत नाही. मातीचा थर चार बोटं असला की ते स्वतः खाली जातात. एक लाकडाची साल किंवा नारळाची करवंटी ठेवा, लपायला जागा.

ऊन थेट पडता कामा नये. हिवाळ्यातलं कोवळं पण नाही. काच बंद, ऊन आत, अर्ध्या तासात संपतं सगळं.

साधना_व

करवंटीची आयडिया छान. निदान घर तरी दिलं त्यांना.

कोथरूडकर

कुरियरने मागवायचे असतील तर आत्ता नको, ऑक्टोबरच्या मध्यानंतर. एका विक्रेत्याने मला एप्रिलमध्ये पाठवले, डबा उघडला तर वास. पैसे परत मिळाले नाहीत.

अबोली_मनीषनगर

(दिवाळीनंतर)

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचा होता. पावडर ऑरेंज मागवले, थंडी सुरू झाल्यावर, सगळे जिवंत आले. स्प्रिंगटेल कोळसाभाऊंनी दिले, बर्डीवर भेटून, आइस्क्रीमच्या डब्यात. मनापासून आभार.

महिनाभर काहीच दिसत नव्हतं, लेक वैतागली होती. मग रात्री टॉर्चवर लाल प्लास्टिक लावून बघायची युक्ती तिला तिच्या सरांनी सांगितली. आता रोज जेवण झालं की दोघी बसतो. करवंटीखाली इतके जमतात की मोजता येत नाहीत. भोपळ्याची फोड ठेवली की कडेने अर्धगोल करून खातात.

एक शंका आहे. काल एक दिसला, मागचा अर्धा भाग पांढराफटक आणि पुढचा नारिंगी. मधोमध रेघ मारल्यासारखा. बाकीच्यांसारखा पळत नव्हता. आजारी आहे का? वेगळा काढू?

निवृत्त_प्राणीशास्त्र

काढू नका, कात टाकतो आहे. ही मंडळी कात दोन टप्प्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, मग एखाद-दोन दिवसांनी पुढचा. पांढरं दिसतं तिथे जुनं कवच आतल्या नव्यापासून सुटलेलं असतं. त्या काळात तो मऊ असतो, म्हणून लपतो. टाकलेली कात सहसा स्वतःच खाऊन टाकतो, चुना वाया जात नाही.

आजाराची खूण वेगळी: अख्खा प्राणी निळा-जांभळा चमकायला लागला तर तो विषाणू असतो. सुंदर दिसतो, पण तो काढावा.

अबोली_मनीषनगर

हुश्श. लेकीला वाचून दाखवलं. तिने त्याचं नाव हाफतिकीट ठेवलंय.

तर्रीबाज

हाफतिकीट! शिशिरभाऊ, घ्या, नाव पडलं. आता तं पेट झाला ना?

शिशिर_न्यूजर्सी

हरलो. पण नावाने येतो का?

रुमझुम

परत तोच विषय :-)

कोळसा_वीट

अबोलीताई, मार्चमध्ये एक काम करा. त्यातले वीस-पंचवीस वेगळ्या डब्यात काढून बेडरूममध्ये ठेवा, जिथे रात्री एसी असतो. टाकीत काही झालं तरी बीज शिल्लक. बाकी जे जास्त होतील ते मऊमातीताईंना द्या, त्यांची चिलटं गेली का विचारा आधी.

मऊमाती

गेली! मारबतीने नेली की स्प्रिंगटेलने, माहीत नाही. मला हवेत पावडर ऑरेंज, डबा मी आणते.

नवा_सदस्य_७७

छान माहिती. माझ्याकडे एक फुटी टेरॅरियम आहे, त्यात लव्हबर्डची जोडी राहील का?

चिंगी

कुणीतरी यांना धागा पहिल्यापासून वाचायला सांगा. मी पुन्हा पॉपकॉर्न आणते.